पित्ताची विचारपूस

रात्री दोनला अंगभर गांधी उठतात. खाजवून खाजवून जीव नकोसा होतो, घरातलं कोणीतरी आमसुलं भिजवून त्यांचं पाणी चोळतं, पहाटे कधीतरी डोळा लागतो. सकाळी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कातडी स्वच्छ झालेली असते. सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं जुन्या किल्ल्याचं गाव, भोवती धानाच्या बांध्या. इथल्या माणसाला त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं तर भंडारा नाहीतर सरळ नागपूर गाठावं लागतं, आणि तिथे पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही. गजकर्ण, खरूज, कोड डॉक्टरला दिसतं. पित्त बहुधा ऐकावंच लागतं.

म्हणूनच अर्टिकेरियाच्या, म्हणजे अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या निदानात रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांना जे वजन आहे ते रक्ताच्या कुठल्याही तपासणीला नाही. युरोपीय आणि आशियाई संघटनांनी मिळून केलेली, 2022 साली नव्याने प्रसिद्ध झालेली मार्गदर्शक तत्त्वं सविस्तर विचारपुशीलाच पहिली पायरी मानतात. नवी मुंबईचे डॉ. किरण गोडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली भारतीय डॉक्टरांसाठी प्रसिद्ध केलेल्या सहमतीपत्राची दिशाही तीच आहे. प्रश्नांच्या याद्या पुस्तकांत तयार आहेत. अडतं ते उत्तरांपाशी. रोवणी, तेंदूपत्ता, मंडई, आठवडी बाजार यांवर ज्याचं वर्ष चालतं, त्याला त्याच्याच दिवसांच्या हिशेबाने विचारलं तर तो नेमकं सांगतो. छापील यादी वाचून दाखवली तर प्रत्येक प्रश्नाला ‘नाही जी’ एवढंच उत्तर मिळतं.

पहिला घोळ ‘पित्त’ म्हणण्यातच होतो. ‘डॉक्टरसाहेब, पित्त झालं’ एवढं ऐकून गर्दीच्या ओपीडीत आम्लपित्ताची गोळी लिहून दिली जाते, आणि अंगावर उठणारं पित्त तसंच राहतं. घरीही माणूस सोडा पितो, आंबट सोडतो, उपाशी राहतो. छातीत जळजळ होते की अंगावर उठतं, हे आधी विचारावं. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचा वेगळा अध्याय आहे आणि तिथे सुरुवातीचं कारण सांगितलं आहे ते थंड वाऱ्याचा स्पर्श. पोटातल्या आंबटपणाशीच गांधींचं नातं जोडणं हा आपल्या घरांतला समज आहे. आयुर्वेदाने रोगी तपासण्याच्या तीन वाटा सांगितल्या: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. या आजारात पहिल्या दोन वाटा बहुतेक वेळा बंदच असतात.

गांध उठते ती कातडीतल्या मास्ट पेशींमुळे. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 मध्ये या पेशींना नाव दिलं. त्या फुटल्या की हिस्टामिन बाहेर पडतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, द्रव झिरपतो, कातडी फुगते आणि खाज सुटते. हेच खोलवर झालं तर ओठ, पापण्या, जीभ सुजते. जगात साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी गांधी उठतात, त्यामुळे हा रोग दुर्मीळ अजिबात नाही. मात्र मास्ट पेशींना फोडणारी कारणं पन्नास असू शकतात आणि गांध सगळ्यांत सारखीच दिसते.

आता वेळेचा प्रश्न. माझ्या मते सगळ्या विचारपुशीत हाच सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा विचारला जातो. ‘किती दिवसांपासून आहे?’ असं विचारलं की ‘आठ दिवस झाले’ असं उत्तर येतं. ते आजाराचं वय झालं. हवं असतं ते एका गांधीचं वय: हाताच्या याच जागी उठलेली हीच गांध किती वेळ राहिली? खरी गांध 24 तासांच्या आत, बहुतेकदा काही तासांतच, मागे डाग न ठेवता जाते. एक मावळते, दुसरीकडे दुसरी उठते, आणि रुग्णाला वाटतं की आठ दिवस अंगावर आहेच. विचारून उलगडा होत नसेल तर बिनखर्चाचा उपाय आहे. गांध उठली की साध्या बॉलपेनने तिच्या कडेकडेने गोल काढायचा, बाजूला वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहायचं. गोल रिकामा असेल तर पित्त. गोलातली गांध जागची हलली नसेल, खाजेपेक्षा आग जास्त असेल, जाताना मुका मार लागल्यासारखा काळानिळा डाग राहिला असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घ्यावी लागते. मग कातडीचा तुकडा तपासण्यावाचून गत्यंतर नसतं. घरात मोबाइल असेल तर उठलेल्या गांधीचा फोटो घेऊन यायला सांगावं. त्यावर वेळही आपसूक नोंदलेली असते.

या एका प्रश्नाने इथल्या बऱ्याच नकली गांधी बाजूला होतात. पावसाळ्यात लहान मुलांच्या पायांवर येणारे, मधे टोचल्याची खूण असलेले खाजरे फोड बहुधा मच्छर-पिसवांचे असतात आणि दिवसेंदिवस टिकतात. बोडीच्या किंवा बांधीच्या पाण्यात उतरल्यावर पाणी लागलं तेवढ्याच भागावर खाज सुटून पुटकुळ्या आल्या, तर पाण्यातल्या गोगलगायींतून निघणाऱ्या गुरांच्या कृमींच्या अळ्या कातडीत घुसल्याची शक्यता असते. त्याही दिवसच्या दिवस राहतात. बिब्ब्याचं तेल लागून उतणं, गाजरगवताने मान आणि हातांचे कोपर जाड होणं, हे सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. खाज या सगळ्यांना असते, म्हणून खाजेवरून काही ठरत नाही. ठरतं ते टिकण्यावरून.

नुसती सूज येते, गांध कधीच उठत नाही, असं कोणी सांगितलं तर वाट वेगळी होते. पहिला प्रश्न बीपीच्या गोळीचा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्यांनी ओठ आणि जीभ सुजू शकते, आणि गोळी सुरू करून महिने, कधी वर्षं लोटल्यावरही. रुग्णाला ती गोळी इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यावर संशयच येत नाही. दुसरा प्रश्न घराण्याचा: बापाला, आत्याला, भावाला अशी सूज येते का? पोटात कळ येऊन उलट्या होतात का? घरात कोणी गळा सुजून दगावलं का? घराण्यात चालत येणारी अशी सूज विल्यम ऑस्लरने 1888 मध्ये वर्णन केली. तिला खाज नसते, आणि पित्ताच्या गोळ्या, स्टेरॉइड, ॲड्रेनालिन यांपैकी कशानेही ती आटोक्यात येत नाही. ती ओळखली जाते या घरगुती प्रश्नांनीच. रक्ताची तपासणी त्यानंतर शिक्का मारते.

आजाराचं वयही लागतंच, पण ते एका सीमेपुरतं: सहा आठवडे. त्याआतलं तीव्र पित्त बहुतेकांचं आपोआप थांबतं आणि त्यात तपासण्यांची गरज सहसा पडत नाही. सहा आठवड्यांच्या पुढे गेलं की ते जुनाट. ते शंभरात साधारण एकाला होतं, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि वर्षभर, कधी पाच वर्षंही रेंगाळतं.

औषधांची विचारपूस हा खरा कसोटीचा भाग. समजा, रोवणीच्या दिवसांत चाळिशीची एक बाई आली आहे. ‘कोणती गोळी घेता का, बाई?’ ‘नाही जी, काहीच नाही.’ इथेच थांबणारा डॉक्टर कारण हातचं घालवतो. ‘दिवसभर वाकून कंबर दुखत असंल ना? मग काय करता?’ ‘ते तं घ्याच लागते जी. त्याच्याबिगर दुसऱ्या दिवशी वाकणं होत नाही.’ किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी तिच्या लेखी औषध नसतेच. ती मिठा-मिरचीसोबत आणलेली वस्तू असते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही त्या जातीची औषधं. जुनाट पित्त असलेल्या चारातल्या एकाचं पित्त त्यांनी भडकू शकतं. ती आयुष्यभर घेतलेली असतात, म्हणून ‘आधी कधी काही झालं नाही’ हे उत्तर इथे निर्णायक धरता येत नाही. या बाईला पॅरासिटामॉलवर आणलं आणि महिन्याभराने पुन्हा विचारलं, तरच उलगडा होतो. गोळीसोबत मोहाच्या दारूचंही विचारावं, कारण दारूने गांधी वाढतात. ते पुरुषांनाच विचारायचं आणि तेही बायकोसमोर, ही पद्धत सोडावी. उत्तर खरं हवं तर एकट्याला विचारावं.

नवरा किंवा सासू बाजूला बसून बाईच्या वतीने उत्तरं देत असेल, तर पाळीच्या आधी वाढतं का, पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत का, दिवस गेले आहेत का, हे प्रश्न वायाच जातात. आशाताई हे जास्त सहज विचारू शकतात.

त्यानंतर हवापाण्याचं. काही गांधींना ठराविक कळ लागते आणि ती कळ या मुलखात रोजच्या कामांत लपलेली असते. तलावांच्या या जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत गारेगार पाण्यात उतरून मासे धरणारे, शिंगाडे काढणारे लोक आहेत. पाण्यातून बाहेर आल्यावर अंग गरम होताना गांधी उठतात का? दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर उघड्यावर झाडीपट्टीचं नाटक पाहिलं, की हात आणि चेहराच तेवढा सुजतो का? बर्फाचा गोळा खाल्ल्यावर ओठ? उत्तर ‘हो’ असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून हातावर पाच मिनिटं धरायचा आणि काढल्यावर दहा मिनिटांनी पाहायचं. तिथे गांध उठली तर थंडीचं पित्त. हे शोधणं निव्वळ खाजेसाठी नाही: असा माणूस एकदम थंड तलावात उडी टाकतो तेव्हा अंगभर हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळू शकतो आणि तो पाण्यातच बेशुद्ध होतो. पोहता येणारा माणूस बुडाला, असं आपण ऐकतो. पोहणाऱ्या पोरांच्या पित्ताची विचारपूस त्यासाठी मनापासून करावी.

दाबाचं पित्त याहून फसवं, कारण ते उशिरा येतं. खांद्यावर कावड, डोक्यावर तेंदूपानांचा भारा, दिवसभर सायकलची सीट, आणि चार-सहा तासांनी तिथेच खोल, दुखरी सूज. रुग्ण रात्री काय खाल्लं ते आठवत बसतो. त्याला दुपारी काय उचललं ते विचारायला हवं. मे महिन्याच्या उन्हात घाम फुटताच मोहरीएवढ्या बारीक गांधी उठून तासाभरात जिरतात ते घामाचं पित्त, बहुधा तरण्या पोरांचं. गरम पाण्याची आंघोळ, धावणं, राग, तिखट जेवण यांनीही ते उठतं. सगळ्यांत जास्त आढळतं ते मात्र घासण्याचं: नख ओढलं की पाटीवर लिहिल्यासारखा वळ उठतो. कमरेची नाडी, ब्लाउजची बाही, पिशवीचा बंद जिथे रुततो तिथे हे आधी दिसतं. खाज सुटली म्हणून खरखरीत कापडाने अंग चोळणारा ते स्वतःच वाढवत असतो. एका रुग्णात यातले दोन प्रकार एकत्रही असतात, म्हणून एक सापडल्यावर विचारणं बंद करू नये.

खाण्यावर लोकांचा जेवढा संशय असतो तेवढा बहुतेकदा खरा नसतो. खाण्याने उठणारी गांध लवकर उठते, काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा उठते. झिंगे, मासे, अंडं, शेंगदाणे, पावसाळ्यातल्या सात्या म्हणजे अळंबी, यांतलं काही दर वेळी असं करत असेल तर ते रुग्णाला डॉक्टरच्या आधी कळलेलं असतं. सहा महिने रोज उठणाऱ्या पित्ताला मात्र एखादा पदार्थ जबाबदार असणं विरळा. तरीही वांगं बंद, दही बंद, डाळ बंद असं करत घरातल्या बाईचं ताट रिकामं होत जातं, आणि मग रक्तातल्या शंभर पदार्थांची ॲलर्जी शोधणारी, हजारो रुपयांची तपासणी नागपुरात करून आणली जाते. त्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलेला पदार्थ माणूस रोज बिनघोर पचवत असू शकतो. जुनाट पित्ताला लागणाऱ्या मूळ तपासण्या मोजक्या आहेत: रक्तपेशींची मोजणी, ईएसआर किंवा सीआरपी, आणि तज्ज्ञाकडे गेल्यावर एकूण आयजीई आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं. बाकी काय करायचं ते विचारपुशीतून ठरावं. भाताचं पीक विकून पॅनेल करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे स्पष्ट बोलायला हवं.

खाण्यातला एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. काहींना गहू एरवी चालतो, पण पोळी खाऊन लगेच मेहनतीचं काम केलं की गांधी उठतात आणि घेरी येते. ‘काय खाल्लं’ एवढ्यावर हे निसटतं. ‘खाल्ल्यावर काय केलं’ हेही विचारावं लागतं.

लहान मुलांत तीव्र पित्ताचं सर्वांत नेहमीचं कारण साधा विषाणूचा ताप असतो. ताप आला, अँटिबायोटिकचं औषध पाजलं, तिसऱ्या दिवशी गांधी उठल्या. दोष औषधाच्या माथी जातो आणि पोराच्या कार्डावर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असं जन्माचं लिहिलं जातं. बाहेरच्या देशांत असा शिक्का असलेल्यांना रीतसर तपासलं तेव्हा दहातल्या नऊंना ती ॲलर्जी नव्हतीच, असं दिसून आलं आहे. ताप आधी की औषध आधी, पहिल्या डोसनंतर किती वेळाने उठलं, तेच औषध आधी कधी दिलं होतं का, हे लिहून ठेवणं म्हणूनच गरजेचं.

याच मुलखात विचारावे असे आणखी दोन प्रश्न आहेत, जे युरोपच्या यादीत सापडणार नाहीत. भंडारा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी एक. मोहिमेत घरोघरी डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या खाऊ घालतात. ज्याच्या रक्तात हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू आहेत, त्याला ते मरताना ताप, अंगदुखी, खाज, कधी गांधी येतात. हे औषध काम करत असल्याचं लक्षण असतं. नीट न विचारता ‘गोळीची ॲलर्जी’ असं सांगितलं, तर तो माणूस आणि त्याचं घर पुढच्या मोहिमेत गोळी थुंकतं. दुसरा प्रश्न सापाचा. धानाच्या शेतात पान लागलेल्या माणसाला दवाखान्यात घोड्याच्या रक्तापासून बनवलेली सर्पविषावरची लस देतात. ती देतानाच उठलेली गांध मोठ्या रिॲक्शनची पहिली सूचना असते. शिवाय आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि गांधी असं त्रिकूट येऊ शकतं. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि दुसऱ्याच डॉक्टरकडे येतो. ‘गेल्या पंधरवड्यात कुठे भरती होता का?’ एवढं विचारलं तर कोडं सुटतं.

आणि काही प्रश्न सगळ्यांच्या आधीचे. श्वास लागतो का, आवाज घोगरा झाला का, घेरी आली का, उलटी झाली का? गांधींसोबत यातलं काही असेल तर विचारपूस थांबवून मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनालिन द्यायचं. एव्हिल आणि डेक्साच्या इंजेक्शनावर गावोगाव फार भरवसा आहे. अशा जीवघेण्या ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, जीव त्यांनी वाचत नाही. काय चावलं, काय खाल्लं ते नंतर विचारता येतं, आणि ते विचारलंच पाहिजे, कारण आग्या मोहोळाच्या मधमाश्यांनी एकदा असं झालेल्याला पुन्हा होऊ शकतं.

एवढं विचारायला वेळ कुठून आणायचा, हा डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. सरकारी ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते. तरी दोन जुने अभ्यास आठवावेसे वाटतात. 1975 मध्ये ब्रिटनमध्ये ओपीडीतल्या 80 नव्या रुग्णांची पाहणी झाली; त्यातल्या 66 जणांचं निदान आधीची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाशी बोलूनच बरोबर निघालं होतं. 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांना दिसलं की डॉक्टर रुग्णाला सरासरी 18 सेकंदांत मधेच तोडतात. कोकणात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाची लक्षणं महाडजवळच्या खाटांशी तासन्‌तास बसून टिपली आणि त्यांचा निबंध 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. खेड्यातल्या दवाखान्यातली बारकाईची नोंद जगाच्या कामी येते, याचा तो आपल्याकडचा दाखला. पित्तात तर वेळ वाचवायची सोयही आहे. रोज किती गांधी उठल्या आणि खाज किती, यांना शून्य ते तीन गुण देऊन सात दिवसांची बेरीज करायची, जास्तीत जास्त 42. वहीच्या कागदावर रकाने आखून दिले तर आठवीतली मुलगी आईसाठी ते भरू शकते. त्याच कागदावर ‘आज काय काम केलं’ आणि ‘कोणती गोळी घेतली’ असे दोन रकाने वाढवले, की पुढच्या भेटीत निम्मी विचारपूस आधीच झालेली असते.

सगळं विचारूनही जुनाट पित्तातल्या बहुतेकांना बाहेरचं कारण सापडत नाही. ते रुग्णाला उघड सांगावं, कारण तोवर तो कोणी करणी केली का इथपर्यंत पोचलेला असतो. 1993 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की अशा काही रुग्णांच्या रक्तातच मास्ट पेशींना फोडणारी प्रतिपिंडं असतात. शरीर स्वतःच्याच पेशींना डिवचत असतं. थायरॉइडच्या बाबतीतही ते असंच वागू शकतं, म्हणून त्याचं विचारायचं: गळा सुजला का, वजन बदललं का, घरात कोणाला गोळी चालू आहे का. कारण सापडलं नाही म्हणून उपचार थांबत नाहीत. झोप न आणणाऱ्या अँटिहिस्टामिनची गोळी रोज, उठो न उठो, घ्यायची. पुरली नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवतात, त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. ‘उठलं की घेतो’ असं म्हणणाऱ्याला गोळी लागू पडत नाही, असं मानण्याआधी तो ती कशी घेतो ते विचारावं. आणि जुनी, गुंगी आणणारी गोळी लिहून देण्याआधी तो ट्रॅक्टर चालवतो का, रात्री धानाला पाणी द्यायला एकटा जातो का, हेही.